अक्षर, आकृती आणि वाचक
(ग्राफिक डिझाइनच्या पदवी-अभ्यासक्रमाचा परिचय)

शालान्त परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे ज्या मुलामुलींचा हात चित्रकलेत चांगला चालतो, त्यांच्या घरी एक प्रश्न हटकून उपस्थित होतो: "चित्रे काढून पोट भरेल काय?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. चार वर्षांचा काळ, आईबापांच्या कष्टाचा पैसा आणि मुलाच्या उमेदीचे वय ही तिन्ही त्यात गुंतलेली असतात. पण या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ज्याला ग्राफिक डिझाइन म्हणतात, तो विषय चित्रकलेच्या शेजारी राहणारा असला तरी तो चित्रकला नव्हे. तो काय आहे, पदवीच्या वर्गात तो कसा शिकवितात आणि कोणी तो शिकावा, एवढ्याच गोष्टींचा विचार आम्ही या लेखात करणार आहो.

चित्रकार आपल्या मनातील भाव रंगरेषांनी प्रकट करितो. पाहणाऱ्यास तो उमगला तर उत्तम. न उमगला म्हणून चित्र वाया गेले असे होत नाही. ग्राफिक डिझाइन करणाराचे तसे नाही. त्याच्यापुढे नेहमी एक निरोप असतो, आणि तो निरोप ज्याच्याकडे पोचवावयाचा तो वाचक असतो. औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी, पाठ्यपुस्तकाचे पान, आगगाडीचे वेळापत्रक, मासिकाचे मुखपृष्ठ, भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील बटणे, ही सारी त्याची कामे होत. निरोप पोचला नाही तर काम कितीही सुंदर असले तरी ते फसले. अमेरिकेतील अक्षरकार विल्यम ॲडिसन ड्विगिन्स यांनी १९२२ साली एका वृत्तपत्रीय लेखात या व्यवसायास 'ग्राफिक डिझाइन' हे नाव योजिले. नाव नवे असले तरी काम मात्र छापखान्याइतकेच जुने आहे.

एका उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. लंडन शहराच्या भुयारी रेल्वेचे नकाशे पूर्वी खऱ्या भूगोलास धरून काढीत. त्यामुळे शहराच्या मध्यभागी स्थानकांची दाटी होई आणि बाहेरच्या बाजूस कागद रिकामा राही. हॅरी बेक नावाच्या आरेखकाने १९३१ मध्ये निराळा विचार केला. भुयारातून जाणाऱ्या उतारूस वरची वळणे दिसतच नाहीत. त्याला एवढेच हवे असते की, कोठे बसावे, कोठे बदलावे व कोठे उतरावे. म्हणून बेक यांनी सर्व मार्ग आडवे, उभे वा पंचेचाळीस अंशांत तिरपे काढिले, स्थानकांमधील अंतरे जवळजवळ सारखी ठेविली, प्रत्येक मार्गास स्वतंत्र रंग दिला आणि जमिनीवरील खुणांपैकी केवळ थेम्स नदी राखिली. हा नकाशा अधिकाऱ्यांनी प्रथम नाकारला. परंतु १९३३ च्या जानेवारीत तो छापला गेला आणि लोकांस इतका सोयीचा वाटला की पुढे जगातील अनेक शहरांनी तीच पद्धत उचलली. बेक यांनी भूगोल जाणूनबुजून सोडला आणि उतारूची गरज धरली. काय ठेवावे व काय सोडावे हा विवेक, हेच या विद्येचे मर्म होय.

आपल्या देशात या शिक्षणाची परंपरा दोन वाटांनी आली. पहिली वाट कलाशाळेची. मुंबईची सर जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये स्थापन झाली. तेथे १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग निघाला आणि १९६१ मध्ये त्याची उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. दुसरी वाट डिझाइन-संस्थांची. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ मध्ये एक अहवाल लिहिला. त्यात त्यांनी आपल्या घरोघरच्या साध्या लोट्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली आणि विद्यार्थ्याने लोट्यापुढे बसून प्रश्न कसे विचारावेत हे दाखविले: पाणी किती मावते, तो डोक्यावर नेतात की कमरेवर, धार कशी पडते, आतून घासता येतो काय, किंमत किती पडते. त्या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. पवई येथील आय. आय. टी.मध्ये १९६९ पासून औद्योगिक डिझाइनचे केंद्र आहे आणि तेथे पदवीचा वर्ग २०१५ पासून भरतो.

या दोन्ही वाटांवर पदवीचा अभ्यासक्रम सामान्यतः चार वर्षांचा असतो. प्रवेशासाठी निरनिराळ्या परीक्षा आहेत. त्यांत पाठांतरापेक्षा निरीक्षण, कल्पना, वस्तू मनात फिरवून पाहण्याची शक्ती आणि हाताने रेखाटन यांची पारख होते. प्रत्येक संस्थेच्या अटी निराळ्या असल्याने त्या ऐकीव माहितीवरून न धरिता त्या त्या संस्थेच्या पत्रकात वाचाव्यात.

पहिले वर्ष पायाभरणीचे असते. बिंदू, रेषा, आकार, पोत, रंग आणि मोकळी जागा यांचे पाठ हाताने गिरवावे लागतात. एकाच चौकोनात तीन काळी वर्तुळे अशी मांडा की एकदा शांतता वाटावी व एकदा घाई वाटावी, अशा तऱ्हेचे प्रश्न दिलेले असतात. रंगांचा धडाही येथेच सुरू होतो. छापील कागदावर निळसर, किरमिजी, पिवळी व काळी अशा चार शाईंच्या ठिपक्यांनी रंग साधतात; पडद्यावर मात्र तांबडा, हिरवा व निळा प्रकाश मिसळून ते होतात. शाईवर शाई चढविली की रंग काळवंडत जातो. प्रकाशात प्रकाश मिसळला की तो उजळत जातो. म्हणून पडद्यावर झगझगीत दिसणारे हिरवे पान कागदावर फिके उतरते. हे ज्याने समजून घेतले नाही, त्याने छापखान्यास दोष देण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या वर्षी अक्षराचा अभ्यास खोल होतो, आणि मराठी विद्यार्थ्यास येथे विशेष कर्तव्य आहे. पाश्चात्य पुस्तकांतले नियम रोमन लिपीसाठी रचलेले आहेत. ते देवनागरीस जसेच्या तसे लागत नाहीत. 'मूर्तींची' हा एकच शब्द पाहा. शिरोरेखेच्या वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकत्र आले आहेत, तर खाली दीर्घ उकार लोंबतो आहे. दोन ओळींतले अंतर रोमनच्या मापाने ठेविले, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळतात. तसेच 'दर्या' आणि 'दऱ्या' हे शब्द घ्या. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरांतल्या. 'आचार्यांना बोलवा' व 'आचाऱ्यांना बोलवा' या दोहोंत तर गुरुजी आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे! ज्या टंकात हा मराठीचा अर्धा र नीट बसविलेला नाही, तो टंक दिसावयास कितीही देखणा असो, मराठीच्या कामाचा नव्हे. ल आणि श यांची मराठी वळणेही हिंदीहून भिन्न आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाण वर्णमाला ठरविताना त्यांची दखल घेतली.

या क्षेत्रात आपल्या पूर्वजांनी केलेले काम आम्हांस अभिमानास्पद वाटते. जावजी दादाजी लहानपणी मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात टाइप घासण्याच्या कामावर होते. त्याच मुलाने पुढे १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढिला, आणि तेथील देवनागरी टाइपांनी संस्कृत व मराठी ग्रंथ देशोदेशी नेले. आमच्या काळात रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांनी पवईस अध्यापन केले आणि संगणकासाठी 'मंगल' हा देवनागरी टंक रचिला, जो लक्षावधी लोकांनी रचनाकाराचे नावही न जाणता वापरला. भारत सरकारने २०१० मध्ये स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह देवनागरी र आणि रोमन आर यांच्या संयोगातून डी. उदयकुमार यांनी साधिले; तेही पवईच्याच केंद्रात शिकत होते.

तिसऱ्या वर्षी हे सुटे पाठ एकत्र येतात. पुस्तकाची मांडणी, वेष्टन, प्रदर्शन, दिशादर्शक पाट्या, छायाचित्रण, पडद्यावरील पाने, अशी कामे होतात. चौथ्या वर्षी एखाद्या छापखान्यात, जाहिरात-संस्थेत वा डिझाइन-कार्यालयात काही काळ उमेदवारी आणि एक मोठा स्वतंत्र प्रकल्प असतो. या सर्व काळात शिक्षणाची मुख्य रीत म्हणजे भिंतीवर काम लावून त्याची चर्चा करणे. तिला तेथे 'जूरी' म्हणतात. रात्र जागून केलेले काम सर्वांसमक्ष तपासले जाते आणि "हे असे का केले?" या प्रश्नास उत्तर द्यावे लागते. "मला आवडले म्हणून" हे उत्तर चालत नाही. ज्याला आपल्या कामावरील टीका आपल्यावरील टीका वाटते, त्याला ही वर्षे जड जातात. ज्याला दोन्ही वेगळ्या करता येतात, तो प्रत्येक जूरीतून अधिक शहाणा होऊन बाहेर पडतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला अमेरिकेतील २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीचा दाखला पुरे आहे. फ्लॉरिडातील पाम बीच परगण्यात उमेदवार पुष्कळ असल्याने मतपत्रिका समोरासमोरच्या दोन पानांवर छापली आणि मताची छिद्रे मधोमध एकाच रांगेत ठेविली. हेतू उत्तम होता: वृद्ध मतदारांना वाचता यावे म्हणून अक्षर मोठे केले होते. परंतु डाव्या पानावरील दुसरे नाव अल गोर यांचे असता त्यांचे छिद्र तिसरे होते. दुसरे छिद्र उजव्या पानावरील पॅट ब्युकॅनन यांचे होते. दुसरे नाव, म्हणून दुसरे छिद्र, असे समजून अनेकांनी भलत्यालाच मत दिले. दोन हजारांहून अधिक मते अशी चुकून पडली, असा निष्कर्ष पुढे अभ्यासकांनी काढला. आणि त्या राज्याचा निकाल अवघ्या ५३७ मतांनी लागला, ज्यावर साऱ्या देशाचे अध्यक्षपद ठरले. सद्हेतू पुरत नाही, हा यातला धडा आहे. काम छापण्यापूर्वी ते खऱ्या वाचकाच्या हाती देऊन तो कोठे अडखळतो हे पाहिले पाहिजे. पदवीच्या वर्गात ही सवय लावितात, म्हणून त्या वर्गाचे मोल आहे.

आता उपजीविकेचा प्रश्न. आज एक वाक्य लिहिताच संगणक चित्र काढून देतो. मग शिकलेल्या माणसाची गरज काय? यात तथ्य आहे आणि ते लपविण्यात हित नाही. केवळ शोभेची चित्रे जुळविणे एवढेच ज्याला येते, त्याचे काम यंत्र हिरावून घेईल. परंतु यंत्रास कोणता निरोप, कोणासाठी व कशासाठी हे माणसानेच सांगावे लागते. आलेले उत्तर खरे की खोटे, देवनागरी जोडाक्षर शाबूत की मोडके, हेही माणसानेच पाहावे लागते. संगणकाची साधने दर काही वर्षांनी बदलतात. निरीक्षण, भाषा आणि विवेक बदलत नाहीत. म्हणून संस्था निवडताना केवळ यंत्रसामग्री पाहून भुलू नये. तेथील विद्यार्थ्यांचे काम पाहावे, एकूण खर्च विचारावा, शासकीय संस्था व शिष्यवृत्त्या यांची चौकशी करावी. पदवी हातात पडली की नोकरी दारात येते, असेही कोणी समजू नये. या धंद्यात पदवीबरोबर केलेल्या कामांचा संग्रह पाहतात. तोच उमेदवाराची खरी साक्ष देतो.

शाळेत असतानाच या अभ्यासाची तयारी करता येते. शासकीय एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांना बसावे. रोज एक तरी वस्तू पाहून रेखाटावी. एक पाठ आम्ही येथेच देऊन ठेवितो: आपल्या गावच्या बसस्थानकावरील वेळापत्रक उतरून घ्यावे, ते वाचताना लोक कोठे थबकतात व काय विचारतात हे टिपावे, मग तेच वेळापत्रक एका कागदावर नव्याने मांडून चष्म्याशिवाय न वाचू शकणाऱ्या एखाद्या आजीबाईंस दाखवावे. त्यांना आपली गाडी न विचारता सापडली, तर पाठ साधला. न सापडली, तर कागद पुन्हा घ्यावा.

आणि मराठी चांगली वाचावी. ज्याला वाक्याचा अर्थ नीट लागत नाही, त्याला त्याची मांडणी नीट करता येणे शक्य नाही. "चित्रे काढून पोट भरेल काय?" या प्रश्नाला आमचे उत्तर असे की, नुसत्या चित्रांनी कदाचित भरणार नाही, पण दुसऱ्याची अडचण ओळखून ती अक्षरांनी व आकृतींनी दूर करण्याची विद्या ज्याने मन लावून मिळविली, त्याची गरज लोकांना लागतच राहील. ज्या मुलास वा मुलीस असे वाटते की, आपल्या हातच्या पाटीमुळे कोणी वाट चुकू नये, त्याने वा तिने हा मार्ग नि:शंकपणे धरावा.