एस्तँला दोन रात्री राहा

अगं, तुझं वेळापत्रक काल रात्री दोनदा वाचलं. फ्रान्समधल्या सांतियागोच्या यात्रावाटेवर ल प्वी ते कोंक, दोनशे किलोमीटर, नऊ दिवस. झेपेल तुला. पण आठव्या दिवशी एस्पालियाँहून निघून एस्तँला नुसतं जेवायला थांबायचं आणि संध्याकाळी गोलिन्याक गाठायचं, हे वाचलं आणि राहवलं नाही. मीही पहिल्यांदा अगदी असंच आखलं होतं. टाचेला फोड आला म्हणून नाइलाजाने एस्तँला मुक्काम पडला, आणि त्या सबंध वाटेतलं मला आज सगळ्यात जास्त आठवतं ते तेच गाव. पाचशेच्या आसपास वस्ती असेल, त्याहून मोठं नाही.

एस्पालियाँहून एस्तँ जेमतेम अकरा-बारा किलोमीटर. घाई कशाला करतेस? तासाभरात बेस्युएजूलचं तांबूस दगडाचं जुनं चर्च लागेल. बाहेरून बघून पुढे जाऊ नकोस. आत घंटाघरात एक अरुंद जिना आहे, पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झाल्यात. पाठीवरची सॅक खाली ठेव आणि चढ. वर अकराव्या शतकातली एवढीशी प्रार्थनेची खोली आहे, कोरीव दगडी वेदी आहे. मी गेले तेव्हा वर कुणीच नव्हतं. मी वेदीच्या कडेवर तळवा टेकवून किती वेळ उभी होते कोण जाणे. त्यानंतरचा चढ मात्र खडा आहे, पावसात चिखल होतो. काठी हातात ठेव.

एस्तँ समोर येतं ते लोत नदीच्या काठाने. अलीकडे नदी, पलीकडे काळपट दगडी छपरांची घरं एकमेकांना चिकटून वर चढलेली, आणि सगळ्यांच्या डोक्यावर किल्ला. माजी राष्ट्राध्यक्ष व्हालेरी जिस्कार देस्तँ यांच्या घराण्याने तो २००५मध्ये विकत घेतला. गावात शिरायचं ते जुन्या दगडी पुलावरून. सांतियागोच्या फ्रान्समधल्या वाटांना १९९८मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यात या पुलाचाही समावेश आहे. पुलावर फ्रान्स्वा देस्तँ या बिशपचा पुतळा आहे. संध्याकाळी जेवणाआधी तिथे जाऊन उभी राहा. उन्हं उतरली की किल्ला पाण्यात दिसायला लागतो, आणि बघताबघता विरघळतो. पाण्यात पाय सोडावेसे वाटतील, सोड. पण काठालाच बस. वरच्या अंगाला धरण आहे, स्वच्छ ऊन असतानाही पाणी अचानक वाढू शकतं.

आता राहण्याचं. वाटसरूंच्या मुक्कामाच्या जागेला तिथे झीत म्हणतात. आदल्या दिवशी फोन करून खाट सांगून ठेव. बूट दाराबाहेर काढायचे, सॅक चुकूनही पलंगावर ठेवायची नाही. ढेकणांची भीती असते, आणि ती खरी आहे. काही ठिकाणी ठरलेले पैसे नसतात, डब्यात आपल्या मनाने टाकायचे. तिथे हात आखडू नकोस बाळा, तेवढ्यावरच पुढच्याचं जेवण शिजतं. दुकानं दुपारी बंद असतात, सोमवारी तर बरीचशी दिवसभर. त्यामुळे पाव आणि फळं सकाळीच घेऊन ठेव.

रात्रीचं जेवण एका लांब टेबलावर, सगळ्यांनी मिळून. आलिगो नक्की खा. उकडलेल्या बटाट्यात ताजं चीज घोटून घोटून असं ताणतात की पळीबरोबर हातभर तार वर येते. बरोबर बहुतेक सॉसेज देतात, म्हणून आधीच सांग, मांस नको. आणि एक गोष्ट तुला माहीत असावी. तिथल्या जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये वासराच्या जठरातलं दूध गोठवणारं द्रव्य असतं. मी खाल्लं. तुझं तू ठरव, पण कळून सवरून ठरव.

तुला एकटं वाटेल. आई वारीला जायची तेव्हा दिंडी असायची, टाळ असायचे, मागेपुढे माणूसच माणूस. इथे दोन-दोन तास कुणी दिसत नाही. म्हणूनच त्या टेबलाचं महत्त्व. तिथे तुला कुणी नोकरी विचारत नाही, कुठून चालत आलीस ते विचारतात. तुझं फ्रेंच मोडकं असलं तरी बोल. माझ्या शेजारी एक म्हातारी बाई होत्या, नवरा गेल्यावर दरवर्षी आठवडाभर चालायच्या, मागच्या वर्षी थांबल्या तिथून पुढे. माझी टाच बघून त्यांनी न विचारता सुई-दोरा काढला, सुई मेणबत्तीवर धरली आणि माझा पाय मांडीवर घेतला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या निघून गेल्या. मी राहिले. दुपारभर गावात हिंडले, चर्चच्या पायऱ्यांवर बसले, पाय सुकवले, आणि तिसऱ्या दिवशी गोलिन्याकचा चढ एकदाही न कण्हता चढले.

तर ऐक, गोलिन्याकची खाट दोन दिवस पुढे ढकल. कोंकलाही तसं कळव. आणि सुई-दोरा घे, औषधांच्या पिशवीत वरच ठेव.