रिक्षातून सोलापूर

मंडळी, नवे शहर पाहायचे तर वाटाड्या पाहिजे. सोलापुरात रिक्षावालाच आमचा वाटाड्या झाला. बसण्याआधी आम्ही भाडे ठरवले. रिक्षाचा नंबर वाचून ध्यानात ठेवला. सामान विसरले, तर तोच नंबर कामी येतो.

“दादा, चार पुतळ्यांपाशी चला,” आम्ही म्हणालो.

हे चौघे कोण? १९३० साली सोलापूर इंग्रजांविरुद्ध उठले. सरकारने शहरात लष्करी कायदा लावला. पुढे चौघांवर खटला भरला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. त्यांची नावे मोठ्याने वाचा :

मल्लप्पा धनशेट्टी
कुर्बान हुसेन
जगन्नाथ शिंदे
श्रीकिसन सारडा

कुणी हिंदू, कुणी मुसलमान. देश मात्र एकच.

तिथून भुईकोट किल्ला जवळ आहे. किल्ल्याला लागून सिद्धेश्वराचे तळे आहे. तळ्याच्या मध्ये देऊळ आहे. तेही पाहावे. बाजारात सोलापुरी चादर घ्यावी. किंमत आपण स्वतः वाचावी.

रिक्षावाला जागा दाखवतो. पण तिथे कोण माणसे होऊन गेली, हे वाचले म्हणजे नीट कळते. म्हणून आम्ही म्हणतो, शहरात जाल तेव्हा पाट्या वाचत चला. नावे वाचा, अन् घरी येऊन पोराबाळांना सांगा.