नदी तपासली, पुढे काय?

प्रश्न : नदीच्या पाण्याचे नमुने नेतात, अहवालही निघतात. पण आमच्या नळाला पाणी येते धरणाचे. मग नदी तपासून आम्हाला काय मिळते? – एक वाचक, विरार

उत्तर : शंका रास्त आहे, पण धरण आणि नदी इतकी वेगळी नाहीत. धामणी धरणातून सुटलेले पाणी सूर्या नदीच्या पात्रातूनच कवडास बंधाऱ्यापर्यंत येते. तिथून उचलल्या जाणाऱ्या सूर्या प्रादेशिक योजनेच्या रोजच्या 403 दशलक्ष लिटरपैकी 185 दशलक्ष लिटर वसई-विरारच्या वाट्याचे आहे.

पाणी नितळ दिसले म्हणजे चांगले, हा पहिला गैरसमज. विरघळलेला ऑक्सिजन डोळ्यांना दिसत नाही. म्हणून बाटली बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरतात आणि नदीकाठीच तिच्यात दोन रसायने घालतात. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर नाही. दुसरी बाटली 27 अंशांवर तीन दिवस अंधारात ठेवून जिवाणूंनी किती ऑक्सिजन संपवला ते मोजतात. हाच ‘बीओडी’.

तीन दिवसांनी कळणारा आकडा आजच्या नळाला उपयोगी नाही, हे खरे. रोजची तुरटी किती घालायची, हे शुद्धीकरण केंद्रातले कर्मचारी गढूळपणा बघून, जार टेस्ट करून (म्हणजे नमुन्यांवर तुरटीची मात्रा आजमावून) ठरवतात. बीओडी लागतो तो सावकाशीच्या निर्णयांना. नेहमीच्या शुद्धीकरणानंतर पिण्यासाठी वापरायच्या नदीत तो लिटरला 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. महिन्यामागून महिना तो चढत गेला, तर कोणता नाला अडवायचा आणि सांडपाणी केंद्र कुठे बांधायचे, हे त्यावरून ठरवता येते.

‘शुद्धीकरण केंद्र आहे ना!’ हा दुसरा गैरसमज. सांडपाण्यातला अमोनिया क्लोरीन खाऊन टाकतो आणि विरघळलेले मीठ तुरटीने जात नाही. वैतरणा नदीच्या खाडीकडच्या भागात उन्हाळ्यात वरून येणारे पाणी घटले की भरतीचे खारे पाणी आत सरकते. त्यावर उपाय म्हणजे वरून पुरेसे पाणी वाहू देणे. म्हणजे पाण्याचा दर्जा बिघडला, तरी निर्णय पाणी किती सोडायचे याचाच होतो.

घोडे अडते ते इथेच. नदी तपासते प्रदूषण नियंत्रण मंडळ, धरणाचे पाणी सोडतो जलसंपदा विभाग, नळाला देते महापालिका. कोणत्या आकड्याला कोणी काय करायचे, हे आधीच लिहून ठरलेले नसेल, तर अहवाल फायलीत जातो. तेव्हा नगरसेवकांना ‘तपासणी झाली का?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘गेल्या अहवालानंतर काय बदलले?’ हेही विचारा.