गोठलेल्या झंस्कारवर चालताना

प्रश्न : माझे वय ४५. सह्याद्रीतले गडकिल्ले नेहमी चढतो. येत्या जानेवारीत लडाखमधला चादर ट्रेक करायचा आहे. तयारी काय करावी? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : गड चढण्याचा सराव उपयोगी पडेल, पण इथे गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालायचे असते, चढण फारशी नाही; कस लागतो तो थंडीत आणि विरळ हवेत. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. विमानाने उतरल्यावर पहिले दोन-तीन दिवस विश्रांती घ्या, भरपूर पाणी प्या. तिथली वैद्यकीय तपासणी बंधनकारक असते. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

रात्री पारा उणे २५ अंशांखाली जाऊ शकतो. अंगालगत सुती कपडे नकोत. घामाने भिजले की लवकर वाळत नाहीत. लोकरी मोजे, थर्मल, वारा अडवणारे जाकीट आणि रबरी गमबूट घ्या. बर्फावरून अनेकदा पाणी वाहते, तिथे गमबूटच कामी येतात. मोज्यांचे कोरडे जोड जास्तीचे ठेवा.

बर्फावर पाय उचलून टाकू नका, घासत पुढे सरकवा. स्थानिक वाटाडे काठीने बर्फ ठोकून त्याची जाडी ओळखतात; त्यांच्याच पावलांवर चाला. चादर, म्हणजे नदीवरचा बर्फाचा थर, फुटली तर काठच्या कड्यांवरून जावे लागते, कधी थांबावेही लागते. म्हणून परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा. वाटाड्याने ‘मागे फिरा’ म्हटले, तर वाद न घालता फिरा.