जावई हात उचलत नाहीत, मग तक्रार कसली?

शंका : मुलगी शिक्षिका आहे. जावई निर्व्यसनी, कधी हात उचलत नाहीत. पण तिचं एटीएम कार्ड सासूबाईंकडे असतं, तिला बसभाड्यापुरते मोजून पैसे मिळतात. माहेरी फोन स्पीकरवरच. मी म्हटलं, सोस जरा, नवा संसार आहे. चुकलं का माझं? – एक आई, सांगली

समाधान : ताई, चुकलं. जावयाला प्रशस्तिपत्र आधी दिलंत, मुलीचं दुखणं मागाहून आलं. अशी पत्रं मला पुष्कळ येतात.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त वळ मोजत नाही. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे छळाचे चार प्रकार त्यात आहेत. कमावत्या बाईचा पगार काढून घेणं, स्त्रीधन अडकवून ठेवणं हे चौथ्यात मोडतं. अर्ज सासूविरुद्धही करता येतो. कायद्यातले ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये काढून टाकले. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून गेलं होतं आणि तक्रार होती आई व मुलीची, घरातला मुलगा, सून आणि इतर मुलींविरुद्ध. हिंसा नवरा-बायकोतच होते, हा समजही तिथेच निकालात निघतो.

मात्र उद्याच पगार नव्या खात्यात वळवू नका. पैसा हातून सुटतोय असं दिसलं की आजवर न उठलेला हात उठू शकतो. आधी या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा किंवा १८१ या महिला हेल्पलाइनवर बोला. तिची राहायची सोय ठरवून ठेवा. आणि फोन स्पीकरवर असतो, तर एक खुणेचं वाक्य ठरवा. ‘लोणच्यात मीठ कमी पडलं’ ती म्हणाली की तुम्ही निघायचं.

शंका : नवरा प्यायला की मारतो, एरवी देवमाणूस. दारू सुटली की हेही थांबेल ना?

समाधान : तुम्हीच पत्रात पुढे लिहिलंय, मारण्याआधी तो टीव्हीचा आवाज वाढवतो. शुद्ध हरपलेल्या माणसाला शेजारी बरे आठवतात! दारूने भर पडते हे खरं, व्यसनमुक्तीचे उपचार जरूर करा. पण बाटली सुटून वर्ष झालं तरी मारायचं न सोडलेले नवरे माझ्यासमोर बसून गेलेत. मार थांबेल की नाही, ते दारूवर सोडू नका.

शंका : घर सासऱ्यांच्या नावावर आहे. ‘नीघ’ म्हणतात. निघावंच लागेल का?

समाधान : नाही. तुम्ही नवऱ्यासोबत तिथेच नांदलात, त्यामुळे घर सासऱ्यांचं असलं तरी राहण्याचा हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये आहुजा प्रकरणात स्पष्ट केलं. मालकी मिळत नाही, पण कायद्याची रीत सोडून कुणी बाहेर काढू शकत नाही. तरी कुलूप बदलायला वेळ लागत नाही. आधार, रेशनकार्ड, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले यांचे फोटो आजच आईच्या फोनवर पाठवा, आणि पाठवलेला मेसेज आपल्या फोनमधून पुसून टाका.