उन्हाचा इशारा वस्तीपर्यंत कसा येतो?

आधी मोहफुले वेचायची, मग 14 एप्रिलची मिरवणूक, त्यानंतर तेंदूपत्ता आणि वैशाख पौर्णिमा. आपल्या धावपळीचे दिवस नेमके उन्हाचेच असतात. "ऊन आपल्याला नवीन आहे का?" असे आपण म्हणतो. पण आजचे ऊन आजोबांच्या वेळचे राहिलेले नाही. हे ठरवले कोणी, तेही समजून घेऊ.

1988 मध्ये जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी मिळून आयपीसीसी ही समिती स्थापन केली. ती स्वतः संशोधन करत नाही. जगभरातील शास्त्रज्ञ छापून आलेले हजारो अभ्यास वाचतात, ताडून पाहतात आणि कोणती गोष्ट किती खात्रीची आहे ते लिहितात. अहवालाचा सारांश देशोदेशींचे सरकारी प्रतिनिधी ओळ न् ओळ वाचून मंजूर करतात. काम रेंगाळते खरे, पण मग "आम्हाला हे मान्य नाही" म्हणायला कोणत्याही सरकारला जागा उरत नाही. समिती हुकूम मात्र देत नाही. काय करायचे ते सरकारांनी ठरवायचे. कोळसा किती जाळायचा हा प्रश्नही त्यातच येतो आणि चंद्रपुरात तो अनेक घरांच्या चुलीशी जोडलेला आहे.

2022 च्या अहवालाने हवामान बदलाचा जास्त फटका गरीब वस्त्यांना बसतो, हे नोंदवले. आपल्या देशाने मात्र धडा घेतला तो मृत्यूंवरून. मे 2010 मध्ये अहमदाबादेत नेहमीपेक्षा सुमारे तेराशे मृत्यू जास्त झाले. त्यानंतर 2013 मध्ये तिथे उष्णता कृती आराखडा आला : आधी इशारा, दवाखान्यात तयारी, जागोजागी पाणी. पुढे इतर शहरांनीही तो मार्ग धरला.

इशारा देते भारतीय हवामान विभाग. पारा 45 अंशांवर गेला की उष्णतेची लाट, 47 वर तीव्र लाट. पण त्यांचा तापमापक सावलीत, हवेशीर पांढऱ्या पेटीत असतो. आपल्या टिनाखाली नसतो. म्हणून इशारा नसला तरी टिनाच्या खोलीतली म्हातारी माणसे आणि लेकरे दुपारी विहारात किंवा झाडाखाली आणावीत. आपल्या नगरपालिकेत, ग्रामपंचायतीत आराखडा आहे का, वस्तीत पाणी कुठे ठेवणार, हे विहाराच्या बैठकीतून लेखी विचारावे. मिरवणूक आणि पानतोडणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर ठेवावी.

घाम फार गेला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्यावे; चमचा चहाचा, सपाट भरलेला. अंग तापून माणूस बरळू लागला तर तो उष्माघात समजावा. लगेच 108 ला फोन करावा. गाडी येईपर्यंत त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.