पडद्यावरील दांडगा आणि विनोद

एडवर्ड जी. रॉबिन्सन या नटानें १९३१ च्या ‘लिटल सीझर’ या अमेरिकन बोलपटांत रंगविलेला क्रूर गुंड ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस त्याचाच १९३८ चा ‘अ स्लाइट केस ऑफ मर्डर’ पाहतांना मोठी मौज वाटेल.

येथें तो चोरटी बीयर विकणारा रेमी मार्को आहे. १९३३ सालीं अमेरिकेंतील दारूबंदी उठतांच तो सरळ मार्गानें व्यापार करूं लागतो, आणि बुडूं लागतो! कारण त्याची बीयर अगदींच वाईट असते. पण हें त्याला सांगण्याची कोणाची छाती होत नाहीं, आणि स्वतः तो ती चाखीत नाहीं. सहकुटुंब सॅराटोगास जातो, तों भाड्याच्या घरांत चार प्रेतें! साथीदार तीं रातोरात ज्यांच्याशीं वैर त्यांच्या दारांत नेऊन टाकतात. मग त्या मृत दरोडेखोरांवर बक्षीस आहे असें कळतांच तीं परत आणण्याची धांवपळ.

प्रेतांवरून विनोद करणें आम्हांस प्रथम रुचलें नाहीं. परंतु रॉबिन्सन विदूषकी चाळे करीत नाहीं. तोच आवाज, तीच गुरगुर. हंसूं येतें तें मृतांचें नव्हे, धाकापायीं खरें ऐकण्यास मुकलेल्या त्या दांडग्याचें. अखेर मार्को आपल्याच बीयरचा घोट घेतो. तेव्हांचें त्याचें तोंड पाहण्यासारखें आहे.